विश्वास कोणी कोणावर ठेवायचा? : ॲन फॅडिमन यांचा ग्रंथ आणि ह्मोंग स्थलांतरितांविषयीचे संशोधन

प्रास्ताविक

ॲन फॅडिमन यांचा 'द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाऊन' हा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीचा अमेरिकेतील नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्कार त्याला ललितेतर गद्यासाठी लाभला. त्यानंतर अमेरिकेतील अनेक वैद्यकीय, परिचर्या व समाजकार्य महाविद्यालयांत तो अभ्यासक्रमाचा भाग झाला. लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या एका ह्मोंग कुटुंबातील अपस्मारग्रस्त मुलगी आणि तिच्यावर कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे उपचार करणारे डॉक्टर यांच्यातील विसंवादाची ही कथा आहे. 'दोन संस्कृतींचा संघर्ष' असे ग्रंथाचे उपशीर्षक सांगते आणि बहुतेक वाचकांनी तो त्याच चौकटीत वाचला. प्रस्तुत लेखात त्याचे वाचन वेगळ्या दिशेने केले आहे. परकीय अभ्यासक एखाद्या स्थलांतरित समाजाच्या घरात जातो, प्रश्न विचारतो, उत्तरे लिहून नेतो. त्या व्यवहारात विश्वास कसा निर्माण होतो आणि कोठे तुटतो, हा येथे मुख्य प्रश्न आहे. या ग्रंथात दोन्ही गोष्टी घडतात, एक पानांच्या आत आणि दुसरी पानांबाहेर.

अविश्वासाची पूर्वपीठिका

ह्मोंग लोक अमेरिकेत का आले, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांचा संशय समजत नाही. १९६१ पासून सी.आय.ए.ने लाओसच्या डोंगराळ भागात जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली ह्मोंग तरुणांची गुप्त सेना उभी केली. युद्ध अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे त्यातील मृत्यूही अमेरिकन जनतेच्या लेखी घडले नव्हते. मे १९७५ मध्ये लाँग चेंग येथील तळ सोडताना विमानांतून काही थोड्यांना नेण्यात आले. बाकीचे जंगलांतून पायी निघाले आणि मेकाँग ओलांडून थायलंडमधील बान विनाईसारख्या छावण्यांत पोहोचले. तेथून पुढच्या वर्षांत हजारो कुटुंबे अमेरिकेत आली. २०१० च्या जनगणनेत तेथे ह्मोंग म्हणून नोंद झालेल्यांची संख्या दोन लाख साठ हजारांवर गेली होती. कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे.

म्हणजे, ज्या देशाने शब्द देऊन सोडून दिले त्याच देशाचे कागद, दवाखाने आणि प्रश्नावल्या या लोकांसमोर आल्या. आरंभीच्या काळात संशोधनाशी त्यांची गाठ पडली तीही मृत्यूच्या निमित्ताने. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निर्वासितांमधील, विशेषतः ह्मोंग, धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेतच मरण पावू लागले. १९८१ मध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते. संघराज्याच्या रोगनियंत्रण यंत्रणेने त्याची दखल घेतली, शवविच्छेदने झाली, परंतु स्पष्ट कारण सापडले नाही. (आज यातील बऱ्याच मृत्यूंचा संबंध हृदयाच्या लयीतील अनुवंशिक दोषाशी जोडला जातो.) अभ्यासकांच्या दृष्टीने शवविच्छेदन ही ज्ञानाची पहिली पायरी होती. परंपरेने चालणाऱ्या ह्मोंग कुटुंबाच्या दृष्टीने मृत देह कापणे म्हणजे मृताच्या आत्म्याला पुढील जन्मापर्यंत पंगू करणे होय. ऱ्होड आयलंडमधील एका कुटुंबाने मुलाच्या अशा शवविच्छेदनाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९९० मध्ये न्यायाधीशांनी प्रथम त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याविषयी दिलेल्या निर्णयामुळे तो त्यांना मागे घ्यावा लागला. शोक करणाऱ्यांचे म्हणणे एकदा ऐकले गेले आणि काही महिन्यांतच ते कायद्याने निरर्थक ठरले. अशा अनुभवानंतर संशोधकाने दारात उभे राहून 'आपल्या हितासाठीच' असे म्हटले, तर ते कानांवर कसे पडत असेल?

रक्ताची गोष्टही अशीच. शरीरातील रक्त मर्यादित आहे, काढलेले भरून येत नाही, असे अनेक वृद्ध ह्मोंग मानत. संशोधनासाठी 'थोडेसे' रक्त मागणारा माणूस त्यांच्या लेखी आयुष्याचाच वाटा मागत होता.

घरातील फॅडिमन

लिआ ली हिचा जन्म जुलै १९८२ मध्ये मर्सेडच्या रुग्णालयात झाला. ती सुमारे तीन महिन्यांची असताना मोठ्या बहिणीने दार जोरात आपटले, लिआ दचकली आणि तिला पहिला झटका आला. दाराच्या आवाजाने तिचा आत्मा भिऊन पळाला, हे कुटुंबाचे निदान. ह्मोंग भाषेत या विकाराला जे नाव आहे, त्याचाच शब्दशः अनुवाद ग्रंथाचे शीर्षक झाला. मराठी वाचकाला हे नाव फारसे परके वाटू नये. 'फेफरे' म्हटले की रोग उभा राहतो, 'झपाटले' म्हटले की बाधा, आणि 'अंगात आले' म्हटले की भीतीबरोबर आदरही येतो. लिआच्या आईवडिलांच्या मनात या तिन्ही छटा एकत्र होत्या. त्यांना मुलीची काळजी होती, आणि असा विकार असलेली व्यक्ती पुढे शमन होऊ शकते, याचा काहीसा अभिमानही होता. रुग्णालयाच्या नोंदीत यापैकी एकही छटा उतरली नाही. पहिल्या दोन खेपांना कुटुंब दवाखान्यात पोहोचले तेव्हा झटका थांबलेला होता आणि दुभाषी उपलब्ध नव्हता, म्हणून छातीच्या विकाराचे निदान होऊन मूल घरी पाठवले गेले.

पुढील चार वर्षांहून कमी काळात औषधयोजना तेवीस वेळा बदलली. लिहिता-वाचता न येणाऱ्या पालकांनी ती जशीच्या तशी पाळावी, अशी अपेक्षा होती. ती पाळली जात नाही असे दिसल्यावर १९८५ मध्ये डॉक्टरांच्या अहवालावरून मुलीला शासनाने दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवले. सुमारे वर्षभराने ती परत आली. नोव्हेंबर १९८६ मध्ये प्रदीर्घ झटक्यांनंतर तिचा मेंदू जवळजवळ पूर्णपणे निकामी झाला. डॉक्टरांना ती काही दिवसांची सोबती वाटली. आईवडिलांनी तिला घरी नेले, खाऊ घातले, न्हाऊ घातले. ती २०१२ च्या ऑगस्टअखेरीस वारली, तेव्हा तीस वर्षांची होती.

फॅडिमन १९८८ मध्ये मर्सेडला आल्या, म्हणजे सर्व काही घडून गेल्यानंतर. ह्मोंग लोक बाहेरच्यांशी बोलत नाहीत, असा इशारा त्यांना आधीच मिळाला होता. ग्रंथातील आठवे प्रकरण या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे; ते मूळ कथानक पुढे नेत नाही, म्हणून वर्गात बहुधा वगळले जात असावे. त्यात फॅडिमन आपला प्रवेश कसा झाला ते सांगतात. समाजात आधीच विश्वास कमावलेल्या सुकी वॉलर या मानसतज्ज्ञ बाईंनी त्यांना ह्मोंग पुढाऱ्यांकडे नेले. ह्मोंग भाषेत वॉलर यांच्या पेशाचे वर्णन 'हृदये दुरुस्त करणारी' असे होत असे. डोक्याला हात लावू नका, पुरुषांशी थेट बोलू नका, अशा नियमांची लांबलचक यादी त्यांनाही पूर्वी देण्यात आली होती. त्यांनी ती सगळी बाजूला ठेवली आणि एकच नियम पाळला: काहीही करण्यापूर्वी 'हे चालेल का?' असे विचारायचे. अमेरिकन बाई ह्मोंगसारखी वागेल अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती, त्यामुळे तिच्या चुका पोटात घातल्या जात.

या एका नियमात संशोधनपद्धतीचा मोठा प्रश्न दडलेला आहे. 'सांस्कृतिक सक्षमता' या नावाने नंतर जे प्रशिक्षण रूढ झाले, त्याचा भर वरील यादीवर होता. कोणत्या समाजात काय चालते आणि काय चालत नाही, हे अगोदर पाठ करून जायचे. वॉलर यांची पद्धत नेमकी उलटी आहे. आपण अज्ञानी आहोत हे समोरच्याला आधीच कळू देणे आणि दुरुस्तीचा अधिकार त्याच्याकडे देणे, हे तिचे सूत्र. यादी पाठ करणारा संशोधक चुकला तर तो अपमान ठरतो. विचारणारा चुकला तर ती फक्त चूक राहते.

दुभाषी म्हणून फॅडिमन यांना विशीतील एक ह्मोंग तरुणी लाभली. ती शब्दांची देवाणघेवाण करण्यापुरती मर्यादित नव्हती. कोणता प्रश्न कसा विचारावा, कोठे थांबावे, हे तीच ठरवी. तिच्या वडिलांनी लाओसच्या सैन्यात हुद्दा भूषवला होता, ही गोष्टही घरात तिला मान मिळण्यास कारणीभूत झाली. लिआची आई फुआ आणि वडील नाओ काओ तिच्यामार्फत तासन् तास बोलू लागले. ज्यांना रुग्णालयाने अबोल आणि मंद ठरवले होते, ते विनोद करत, गावाकडच्या गोष्टी सांगत, लेखिकेच्या अविवाहित असण्याबद्दल काळजी करत. एकदा फुआने आणि दुभाषी तरुणीने मिळून फॅडिमन यांना ह्मोंग नववधूचा पूर्ण पेहराव चढवला. प्रसंग हसण्याचा आहे. पण त्यात जिला पाहायचे ती व्यक्ती आणि पाहणारी व्यक्ती यांची जागा काही वेळ बदलते. टिपणवही बाजूला पडते आणि अभ्यासिकेलाच उभे करून, वळवून, न्याहाळून पाहिले जाते.

ग्रंथातील सर्वांत बोलका प्रसंग मात्र संशोधिकेचा नाही. लिआ ज्या कुटुंबात सक्तीने ठेवली गेली, त्या घरच्या बाईने मुलगी मूळ घरी परत जावी असाच आग्रह धरला. इतकेच नव्हे, तर तिने स्वतःचे तान्हे मूल अनेकदा फुआकडे सांभाळायला ठेवले. शासनाने जिला आईपणास अपात्र ठरवले होते, तिच्याच हाती दुसऱ्या आईने आपले मूल दिले. संशोधनविषयक लेखनात विश्वास हा बहुधा एकेरी व्यवहार मानला जातो. तो समाजाकडून 'संपादन' करायचा असतो, त्याच्या पायऱ्या असतात, तो मिळाला की माहिती गोळा होते. संशोधकाने समाजावर कोणत्या बाबतीत विश्वास टाकला, स्वतःचे काय पणाला लावले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या बाईने तो न विचारताच सोडवला.

कागद आणि सही

संमतीपत्र हा आधुनिक संशोधननीतीचा कणा मानला जातो. टस्कीगी येथील प्रयोगाचा भंडाफोड १९७२ मध्ये झाल्यानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीविषयी आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. तत्त्वे निर्विवाद आहेत. अडचण त्यांच्या कागदी रूपात आहे. ह्मोंग भाषेची प्रचलित रोमन लिपी मिशनऱ्यांनी लाओसमध्ये १९५१ ते १९५३ या काळात घडवली. ती वाचता येणारे पहिल्या पिढीत थोडे होते. संमतीपत्राचा काटेकोर अनुवाद केला, तरी वाचणारे डोळे नसतील तर तो संस्थेच्या फाइलसाठीच उरतो. लिआच्या वडिलांनी एका कागदावर सही करण्याचा प्रसंग ग्रंथात आहे. दोन तासांचा काहीतरी उल्लेख त्यांच्या कानी पडला, आणि मुलगी दोन तासांत मरणार असे या कागदात लिहिले आहे, असा अर्थ त्यांनी लावला. ह्मोंग रीतीत कोणाच्या मृत्यूचे भाकीत उच्चारणे हेच अमंगळ. ते मुलीला उचलून पळाले. सही, वेळ, साक्षीदार सारे नियमानुसार होते.

यावर उपाय म्हणून कुळाच्या पुढाऱ्याची परवानगी घ्यावी, असे सुचवले जाते. ह्मोंग समाजात कुळांची संख्या परंपरेने अठरा मानतात आणि कुळाच्या ज्येष्ठाला न विचारता मोठे निर्णय होत नाहीत, हे खरे आहे. पण हा उपाय वाटतो तितका निर्मळ नाही. पुढारी पुरुष असतात. विवाह, प्रसूती, घरातील मारहाण, स्त्रियांच्या कर्करोगाची तपासणी अशा विषयांवर सुनेचे म्हणणे हवे असेल आणि परवानगी सासऱ्याच्या तोंडून आली असेल, तर सून काय बोलणार? समाजाचा विश्वास आणि त्यातील दुबळ्या व्यक्तीचा विश्वास या एकच गोष्टी नव्हेत. बेलमाँटचा व्यक्तिवाद ह्मोंग घरात उपरा वाटतो, हे मान्य केले तरी त्या व्यक्तिवादाने सुनेला दिलेला नकाराचा हक्क काढून घेता येत नाही. दोन्ही दारांतून आत जावे लागते. पुढाऱ्याकडे जायचे ते रीतीसाठी आणि सुनेकडे जायचे ते संमतीसाठी. या क्रमात वेळ बराच जातो, आणि अनुदानाचा कालावधी तेवढा नसतो.

छावणीतील मिरवणूक

फॅडिमन यांनी ज्यांचा आदराने उल्लेख केला आहे, त्या ड्वाइट काँकरगुड यांचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. लोकप्रयोगांचे हे अभ्यासक १९८५ मध्ये बान विनाई छावणीत आरोग्य प्रकल्पासाठी गेले आणि इतर परदेशी कर्मचाऱ्यांप्रमाणे बाहेर न राहता छावणीतच झोपडीत राहिले. कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याची मोहीम फसली होती. एकही कुत्रा येत नव्हता. त्यांनी ह्मोंग कलावंतांबरोबर मिरवणूक काढली. वाघ, कोंबडी आणि भूत यांची सोंगे वाजतगाजत छावणीतून फिरली आणि रेबीजची माहिती गात सांगत गेली. ही पात्रे ह्मोंग लोककथांतील, आणि कोंबडी तर शकुन सांगणारी. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांची एवढी गर्दी झाली की टोचणाऱ्यांची तारांबळ उडाली.

हा प्रसंग वर्गात चमत्कारासारखा सांगितला जातो. त्यातील खरा मुद्दा मात्र वेगळा आहे. मोहीम फसली ती लोकांच्या अज्ञानामुळे, असे परदेशी कर्मचारी मानत होते; काँकरगुड यांनी दोष सांगण्याच्या रीतीत शोधला. तरीही त्यांच्या कामाची मर्यादा नजरेआड करता येत नाही. काय पटवायचे, हे मदतसंस्थेने आधीच ठरवले होते. कसे पटवायचे, एवढेच लोकांच्या हाती आले. प्रश्न ठरवण्यातच समाजाचा वाटा असणे ही पुढची पायरी होय, आणि सहभागी संशोधनाच्या नावाखाली आज जे चालते त्यातही ती अनेकदा गाळली जाते.

पानांबाहेर

आता फॅडिमन यांच्या ग्रंथाच्या दुबळ्या बाजूकडे. ली कुटुंबाचे म्हणणे त्यांनी सहानुभूतीने ऐकले. डॉक्टर नील अर्न्स्ट आणि पेगी फिल्प यांनाही त्यांनी तितक्याच सहानुभूतीने ऐकले. हा समतोल दुर्मीळ आहे. परंतु ह्मोंगांच्या इतिहासाचे विवेचन करताना त्या कीथ क्विन्सी यांच्या १९८८ च्या पुस्तकावर फार विसंबल्या. हजारो वर्षे कोणापुढे न झुकलेली, बदल नाकारणारी जमात, हे चित्र तेथून आले. १९९८ मध्ये माई ना ली यांनी 'ह्मोंग स्टडीज जर्नल'मध्ये यावर कठोर टीका केली. हे सहस्रवर्षांचे मिथक ह्मोंगांना आजच्या काळातील माणसे न मानता प्राचीन बंडखोर मानते, असा त्यांचा आक्षेप आहे. २००५ मध्ये त्याच नियतकालिकात रॉबर्ट एंटेनमन यांनी दाखवून दिले की, चिनी सम्राटाशी लढलेला आणि १७७६ मध्ये देहदंड भोगलेला सोनोम हा मुळात ह्मोंग नव्हताच. तो तिबेटी समाजाशी जवळीक असलेल्या ग्यालरोंग लोकांचा प्रमुख होता. 'मियाओ' या ढिसाळ नावाखाली युरोपीय लेखकांनी त्याला ह्मोंगांचा राजा करून टाकले होते.

ही केवळ इतिहासातील चूक म्हणून सोडून देता येत नाही. ज्या लेखिकेने एका घरात 'हे चालेल का?' असे विचारत पाऊल टाकले, तिने त्या घराचा भूतकाळ मात्र न विचारता उचलला. फुआ आणि नाओ काओ यांना ग्रंथ वाचता येत नव्हता. त्यांच्या नातवंडांच्या पिढीला येतो. महाविद्यालयात नेमलेले पाठ्यपुस्तक म्हणून तो त्यांच्या हाती पडतो. वर्गात इतर विद्यार्थी ह्मोंग मुलाकडे वळून 'तुमच्यात असेच असते का?' असे विचारू शकतात. माहितीदार एक पिढी आणि वाचक दुसरी पिढी, अशी ही स्थिती आहे. मुलाखत देणाऱ्याशी झालेला करार त्याच्या मुलांपर्यंत पोहोचतो, हे कोणत्याही संमतीपत्रात लिहिलेले नसते.

जॅनेल टेलर यांनी २००३ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. फॅडिमन यांनी कथा शोकांतिकेच्या घाटात बांधली, त्यामुळे दोन संस्कृती या नियतीसारख्या शक्ती होऊन बसल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा आक्षेप बराचसा पटण्याजोगा आहे. शोकांतिकेत कोणीच दोषी नसतो. सर्वजण चांगले आणि तरीही विनाश अटळ. परंतु दुभाषी न नेमणे हा संस्कृतीचा भाग नव्हता. ती अर्थसंकल्पातील निवड होती. विश्वासाच्या अभावाचे खापर संस्कृतीवर फोडले की संस्थेला काही बदलावे लागत नाही. मर्सेडच्याच एका रुग्णालयाने २००९ मध्ये ह्मोंग शमनांना ठरावीक विधींसाठी रुग्णांजवळ येऊ देण्याचे लेखी धोरण स्वीकारले, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे. संस्कृती तीच होती, नियम बदलला.

पिवळा पाऊस

विश्वास मिळवूनही तो एका तासात कसा गमावता येतो, याचे उदाहरण सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाले. १९७५ नंतर लाओसमध्ये आकाशातून विषारी 'पिवळा पाऊस' पाडून आपल्याला मारण्यात आले, असे ह्मोंग निर्वासित सांगत आले. १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी त्याचा ठपका सोव्हिएत संघावर ठेवला. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन यांनी हे पिवळे डाग मधमाश्यांच्या विष्ठेचे असल्याचे दाखवले. 'रेडिओलॅब' या नभोवाणी कार्यक्रमाने या वादासाठी लेखिका काओ कालिया यांग यांच्या काकांची मुलाखत घेतली. काकांनी हा काळ स्वतः पाहिला होता आणि पुतणी दुभाषी होती. सूत्रधार रॉबर्ट क्रुलविच यांनी पुन्हा पुन्हा एकच प्रश्न लावून धरला: विमानातून पावडर पडताना प्रत्यक्ष पाहिली का? शेवटी पुतणीला रडू कोसळले आणि तिने मुलाखत थांबवली. प्रक्षेपणानंतर टीकेचा गदारोळ झाला. क्रुलविच यांनी दिलगिरी व्यक्त केली.

मधमाश्यांचा निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या बळकट आहे, आणि तो सांगू नये असे कोणी म्हणणार नाही. पण काका आपल्या लोकांच्या संहाराची साक्ष द्यायला आले होते. समोरच्याला त्यांच्याकडून एका गृहीतकाचा पुरावा हवा होता. हा फरक त्यांना आधी सांगितला गेला नाही. फॅडिमन यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात एका ह्मोंग विद्यार्थ्याची गोष्ट दिली आहे. फ्रेंच वर्गात मासळीच्या रश्श्यावर बोलायचे होते, तर तो गळ, दोरी आणि मासा कोठे मिळतो इथपासून सुरुवात करून पाऊण तास बोलला. ह्मोंग सांगणे असे असते. एका गोष्टीचा संबंध दुसऱ्या दहा गोष्टींशी असतो. नभोवाणीवरील काकांना रश्शाच सांगू दिला नाही, फक्त मीठ किती हे विचारले.

माई ना ली पुढे इतिहासाच्या प्राध्यापिका झाल्या. २०१५ मध्ये त्यांचा ह्मोंगांच्या राज्यस्वप्नांवरील ग्रंथ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. काओ कालिया यांग यांनी २००८ मध्ये आपल्या कुटुंबाची आणि २०१६ मध्ये गाणी रचणाऱ्या वडिलांची कहाणी लिहिली. मुलाखत देणाऱ्यांच्या मुली आता लेखणी घेऊन बसल्या आहेत, आणि आपल्याच काकांना, आजींना प्रश्न विचारताना त्यांनाही पहिल्यांदा चहापाणी, मग नात्यागोत्याची चौकशी, मग बरीचशी शांतता, आणि त्यानंतरच टिपणवही अशा क्रमाने जावे लागते.